दोन पाण्यांचा उपसागर

ऑस्ट्रेलिया खंडाचा नकाशा पुढें घेऊन त्याच्या अगदीं पश्चिमेकडील टोंकावर बोट ठेविलें, तर तें ज्या जागीं टेंकेल ती जागा म्हणजे शार्क बे नांवाचा उपसागर. विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी १६९९ सालीं येथें आला व त्यानें या जागेस हें नांव दिलें. त्याच्याहि पूर्वीं ८३ वर्षें, म्हणजे १६१६ सालीं, डर्क हार्टोग नांवाचा डच कप्तान उपसागराच्या तोंडाशीं असलेल्या बेटावर उतरला होता, आणि आपल्या आगमनाची नोंद कथलाच्या एका थाळीवर कोरून, ती थाळी खांबास ठोकून निघून गेला होता. परंतु या दोघांच्या कितीतरी आधींपासून ज्यांचें हें घर आहे ते मलगाना लोक या उपसागरास 'गुथर्रागुडा' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'दोन पाणी' असा सांगतात. मध्यें पेरों नांवाचें लांबट द्वीपकल्प समुद्रांत घुसलेलें असल्यामुळें उपसागराचीं पूर्व व पश्चिम अशीं दोन आखातें झालीं आहेत, म्हणून हें नांव. येथून परततांना मात्र या नांवांत आम्हांस आणखीहि एक अर्थ दिसूं लागला होता. तो कोणता, हें सांगण्याकरितांच हा लेखनप्रपंच.

पर्थ शहर सोडून उत्तरेस निघालें कीं जेराल्डटनपर्यंत रस्त्याच्या दोहों बाजूंस गव्हाचीं विस्तीर्ण शेतें लागतात. पुढें शेतें विरळ होत जातात, झाडें खुजीं होतात आणि जमीन गेरूसारखी लाल दिसूं लागते. सुमारें साडेआठशें किलोमीटरांचा हा रस्ता आम्हीं मोटारीनें दोन दिवसांत तोडला. मुख्य रस्ता सोडून उपसागराकडे वळल्यावर प्रथम हॅमेलिन पूल नांवाचा उथळ जलाशय लागतो. येथील पाणी बाहेरच्या समुद्राच्या सुमारें दुप्पट खारट आहे. ऊन व वारा पाण्याची वाफ करीत राहतात, पाऊस अगदीं थोडा, आणि तळाशीं वाळूचा व गवताचा उंचवटा असल्यामुळें बाहेरचें पाणी सहजासहजीं आंत येत नाहीं. या तीव्र खारेपणामुळें इतर प्राणी तेथें फारसे टिकत नाहींत. म्हणूनच सूक्ष्म जीवांनीं थरावर थर चढवून रचलेले काळसर खडक, ज्यांस स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, ते तेथें अद्याप जिवंत आहेत. थोडें पुढें शेल बीच नांवाची पुळण लागते. तेथें वाळूच्या जागीं नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्यांचा कांहीं मीटर जाडीचा थर आहे. खारें पाणी सोसणारी एकच जात तेथें माजली, त्याचा हा परिणाम. पाण्याच्या गुणांत फरक पडला कीं त्यांत राहणारें जग कसें पालटतें, याचा पहिला धडा आम्हांस उपसागरांत शिरतां शिरतांच मिळाला.

या उपसागराची सरासरी खोली दहा मीटरांच्याहि आंतच आहे. तळाशीं समुद्रगवताचीं कुरणें पसरलीं असून त्यांचा विस्तार चार हजार चौरस किलोमीटरांच्या घरांत जातो. हीं कुरणें, त्यांवर चरणारे ड्युगाँग आणि वर सांगितलेले खडक यांमुळें १९९१ सालीं युनेस्कोनें या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला. पुढें २०२२ सालीं या गवतासंबंधानें एक नवल उजेडांत आलें. पॉसिडोनिया नांवाच्या गवताचे ठिकठिकाणचे नमुने शास्त्रज्ञांनीं तपासले, तेव्हां १८० किलोमीटरांपर्यंत पसरलेलें तें सारें गवत एकाच बीजापासून मुळांमुळांनीं वाढत गेलेलें एकच रोप असल्याचें आढळून आलें! त्याचें वय निदान साडेचार हजार वर्षें असावें, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे जें जागचें हलत नाहीं तें गवत एवढ्या विस्तारांत एकच. उलट त्याच पाण्यांत जे दिवसभर हिंडतात, ज्यांस कोठें कुंपण नाहीं कीं मज्जाव नाहीं, त्या डॉल्फिनांचीं कुळें मात्र कांहीं थोड्या किलोमीटरांच्या अंतरावर निरनिराळीं! हें कोडें आम्ही घरूनच ऐकून आलों होतों.

डॉल्फिन पाहावयाचे तर पेरों द्वीपकल्पाच्या पूर्व कांठावरील मंकी माया येथें जावें. नांवांतील 'मिया' हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ घर किंवा निवारा असा सांगतात. त्याचा उच्चार मात्र 'माया' असा करितात, हें मराठी कानास विशेष गोड लागतें. १९६० नंतरच्या दशकांत येथें मासेमारी करणाऱ्यांच्या हातून डॉल्फिन मासळी घेऊं लागले, आणि तेव्हांपासून ते सकाळच्या वेळीं अगदीं गुडघाभर पाण्यांत येतात. आतां त्यांस कोणीहि वाटेल तें खाऊं घालूं शकत नाहीं. कांहीं ठराविक प्रौढ माद्यांसच, तेंहि मोजकेच मासे, वनरक्षकांच्या देखरेखीखालीं मिळतात. नाहीं तर आया शिकार विसरतील आणि पिलांस शिकविणार कोण, ही त्यामागील काळजी. आम्ही पाण्याच्या कडेस उभे राहिलों असतां एक मादी आडवी होऊन एका डोळ्यानें आमच्याकडे शांतपणें पाहत गेली. तिच्या कुशीला लागून तिचें पिलूं होतें. आई वळे तेव्हां तें वळे, आई श्वास घेण्यास वर येई तेव्हां तेंहि वर येई.

डॉल्फिन हा मासा नव्हे, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो सस्तन प्राणी. फुप्फुसांनीं श्वास घेणारा आणि पिलास दूध पाजणारा. शार्क बेमधील पिलें तीन-चार वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ, आईच्या अंगाखालीं वाढतात. येथील डॉल्फिनांचा अभ्यास १९८२ सालीं सुरू झाला आणि तो आजतागायत चालू आहे. पाठीवरील पराच्या खांचांवरून एकेक प्राणी ओळखून त्याची आई कोण, आजी कोण, मैत्रिणी कोण, हें सारें टिपून ठेविलेलें आहे. एखाद्या जुन्या घराण्याची वंशावळ असावी तसेंच तें आहे.

या अभ्यासाच्या आरंभींच, १९८४ सालीं, एक चमत्कारिक दृश्य नजरेस पडलें. एका डॉल्फिनाच्या चोंचीवर कांहीं तरी वाढलेलें दिसलें. प्रथम तो रोग असावा असें वाटलें. पण तो होता स्पंज! उपसागराच्या मधून आठ ते तेरा मीटर खोलीचे पाण्याचे मार्ग गेले आहेत. त्यांच्या तळाशीं खडे, शिंपल्यांचे तुकडे व बोंचरे जीव पुष्कळ. तेथें कांहीं डॉल्फिन तळावरचा स्पंज उपटून तो चोंचीवर टोपीसारखा चढवितात आणि त्याच्या आधारानें वाळू उकरितात. वाळूंत दडलेला मासा दचकून बाहेर आला कीं स्पंज टाकून त्यास पकडितात, आणि पुन्हा स्पंज उचलून कामास लागतात. आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? डॉल्फिन तर आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीनें भक्ष्य हुडकितो. याचें उत्तर त्या माशांतच आहे. तेथें तळाशीं राहणाऱ्या कांहीं माशांच्या पोटांत हवेची पिशवी नसते. ज्या पिशवीवरून प्रतिध्वनि स्पष्ट उमटावयाचा तीच नसल्यामुळें, वाळूंत दडलेला असा मासा कानास सांपडत नाहीं. तो उकरूनच काढावा लागतो.

ही विद्या सर्वांस येत नाहीं. थोड्याच डॉल्फिनांस ती अवगत आहे, आणि तीहि आईपासून. स्पंज वापरणाऱ्या आईच्या जवळजवळ सर्व मुली ती उचलतात. मुलगे मात्र सुमारें निम्मेच. मुलग्यांस पुढें टोळ्या करून माद्यांच्या शोधांत हिंडावयाचें असतें, आणि हा धंदा एकट्यानें, तासन् तास, मान खालीं घालून करण्याचा!

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. प्राण्याच्या पेशींत तंतुकणिका नांवाचे सूक्ष्म भाग असतात. त्यांत वारशाचा एक लहानसा लेख, म्हणजे डीएनए, असतो आणि तो केवळ आईकडूनच मुलांस मिळतो. आपल्याकडे गोत्र बापाकडून चालतें; हें गोत्र आईकडून चालतें, एवढें ध्यानांत धरिलें म्हणजे पुरे. हा लेख वाचण्याकरितां शास्त्रज्ञ एक हलकासा बाण मारून डॉल्फिनाच्या कातडीचा बारीकसा तुकडा मिळवितात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पूर्वेकडील आखातांत स्पंज वापरणारे जवळजवळ सारे डॉल्फिन एकाच मातृगोत्राचे आहेत. केव्हां तरी एका मादीस ही युक्ति सुचली आणि तिच्या लेकींनीं व नातींनीं ती पुढें चालविली, असा त्याचा अर्थ.

हें वाचून आमच्या मनांत जो विचार प्रथम आला तो वाचकांच्याहि मनांत येईल. विद्या एकाच कुळांत आहे, तेव्हां ती रक्तांतच असली पाहिजे! आपल्या घरांतून हें वाक्य आपण किती सहज बोलतों. एखादा मुलगा गणितांत पुढें असला कीं 'आजोबांचें रक्त आहे', आणि एखाद्या मुलीचा गळा गोड असला कीं 'आईकडचें आहे'. शास्त्रज्ञांनीं ही शंका मनांत धरूनच तपास केला. जनुकांच्या द्वारें एखादा गुण वंशांत उतरण्याचे जे मार्ग माहीत आहेत, ते सारे त्यांनीं लावून पाहिले. एकहि नीट जुळेना. शिवाय त्याच मातृगोत्राचे असूनहि स्पंज न वापरणारे डॉल्फिन आहेतच. तेव्हां विद्या रक्तांतून आलेली नाहीं, ती आईच्या मागें पोहून शिकलेली आहे, असा निर्णय झाला.

मग गोत्राचा आणि विद्येचा एवढा मेळ कां? याचा उलगडा २०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासानें अधिक स्पष्ट केला. तो पश्चिमेकडील आखातांत झाला. तेथें दहा मीटरांहून खोल पाण्यांत, जेथें स्पंज उगवतात, तेथें मुख्यतः दोन मातृगोत्रांचे डॉल्फिन आढळले आणि स्पंज वापरणारेहि त्यांतलेच निघाले. जवळच्याच उथळ पाण्यांत मुख्यतः तिसऱ्याच गोत्राची वस्ती. मध्यें बेट नाहीं, बांध नाहीं, अंतरहि फार नाहीं. पाणी तेवढें कमी-अधिक खोल. येथें आम्हांस 'दोन पाणी' या नांवाचा दुसरा अर्थ समजला. पूर्व आणि पश्चिम हीं दोन पाणीं नकाशावर दिसतात. खोल आणि उथळ हीं दोन पाणीं डॉल्फिनांच्या वंशावळींत दिसतात.

भेद कसा उत्पन्न होतो तें आतां सहज ध्यानांत येईल. खोल पाण्यांत एक प्रकारचें भक्ष्य आहे आणि तें मिळविण्याची एक रीत आहे. ती रीत आई मुलीस शिकविते. मुलगी त्या रीतीवर जगते, म्हणून तें पाणी सोडीत नाहीं. आणि तिच्या मुलीहि तेथेंच जन्मतात. उथळ पाण्यांतल्या कुळास गवतांतले मासे शेपटीच्या तडाख्यानें उठविण्याची किंवा किनाऱ्यालगत पाठलाग करून धरण्याची रीत ठाऊक. त्यास खोलांत जाऊन काय करावयाचें? अशा पिढ्या लोटल्या म्हणजे पाणी, भक्ष्य, विद्या आणि गोत्र हीं चारहि एकाच रेषेवर येऊन उभीं राहतात. भक्ष्याचा फरक तर त्यांच्या चरबींतहि उतरतो. स्पंज वापरणाऱ्यांच्या कातडीखालील चरबीची घडण इतरांहून निराळी असल्याचें दिसून आलें आहे, म्हणजे त्यांचें जेवणच निराळें. बापाकडून येणारे वारशाचे लेख मात्र इतके वेगळे पडलेले नाहींत. नर अधिक दूर फिरतात, त्यामुळें तीं पाणीं एकमेकांत मिसळतात.

यावर सासर-माहेरच्या रीतीची आठवण झाल्यावांचून कशी राहील? आपल्या घरांतील मुलगी आईच्या हातची चव घेऊन परघरीं जाते; त्यामुळें एका घरची पुरणपोळी चार घरांत पोंचते आणि कोणती रीत मूळची कोणाची, हें तिसऱ्या पिढींत कोणीहि सांगूं शकत नाहीं. डॉल्फिनाची मुलगी जन्मभर माहेरच्या पाण्यांतच राहते. म्हणून तिच्या आईची रीत गोत्राच्या खुणेबरोबर बांधली गेली, आणि परक्यास ती जन्मखूण वाटूं लागली.

याच उपसागरांत याच्या उलट उदाहरणहि आहे. कांहीं डॉल्फिन माशास मोठ्या शंखाच्या पोकळींत शिरावयास लावितात, मग तो शंख चोंचीनें पाण्याबाहेर उचलून हलवितात आणि घरंगळलेला मासा तोंडांत घेतात. ही युक्ति आईपेक्षां सोबत्यांपासून शिकली जाते, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसतें. जी विद्या मित्र मित्रास देतो ती कुळाच्या चौकटींत राहत नाहीं. जी विद्या केवळ आईच देते तीच कुळाची खूण होऊन बसते.

हा प्रकार शार्क बेपुरता नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत राहणारे आणि दूर समुद्रांत राहणारे डॉल्फिन दिसावयास एकमेकांसारखे. परंतु किनाऱ्याचे आकारानें लहान, आणि आपल्या घोळ-ढोम्यांच्या कुळांतील मासे हें त्यांचें मुख्य अन्न (शाकाहारी वाचकांनीं या उल्लेखाची क्षमा करावी). दूरचे मोठे, आणि त्यांच्या आहारांत माकूलहि पुष्कळ. कवटीची घडण व जनुकें तपासून २०२२ सालीं शास्त्रज्ञांनीं किनाऱ्याच्या डॉल्फिनास स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तेथें दोन पाण्यांचा भेद किती दूरवर गेला, हें त्यावरून दिसतें.

आणि आपलें कोंकण? शार्क बेमधील डॉल्फिनांची जात हिंदी महासागराच्या आपल्या बाजूसहि आढळते. परंतु हर्णै, दाभोळ किंवा मालवण येथें होडींतून जो डॉल्फिन बहुधा दिसतो, ज्यास कांहीं ठिकाणीं गादा म्हणतात, तो पाठीवर उंचवटा असलेल्या निराळ्या जातीचा. तो तर किनाऱ्याचा पक्का रहिवासी. खाडीच्या मुखाशीं, उथळ व गढूळ पाण्यांत त्याचें सारें आयुष्य जातें. पूर्वीं त्याचे व पूर्वेकडील समुद्रांतील त्याच्या भाऊबंदांचे वर्गीकरण एकत्र होत असे. २०१४ सालीं त्यांच्या चार जाती मानण्यांत आल्या. आपल्या किनाऱ्यावरील ही जात आज संकटग्रस्त गणली जाते. ज्याचें घर किनाऱ्याची एक अरुंद पट्टी, त्यास ती पट्टी बिघडल्यावर जावयास दुसरी जागा कोठली?

घर बिघडलें म्हणजे काय होतें, याचा अनुभव शार्क बेला २०११ सालीं आला. त्या उन्हाळ्यांत तेथील समुद्र नेहमींपेक्षां कित्येक अंशांनीं तापला आणि समुद्रगवताच्या कुरणांपैकीं सुमारें एक तृतीयांश भागाची हानि झाली. गवत गेलें तेव्हां त्याच्या आश्रयाचे मासे गेले. पुढील वर्षांच्या नोंदी तपासतां डॉल्फिनांच्या जगण्याचें प्रमाण सुमारें १२ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें, आणि माद्यांस पिलेंहि कमी होऊं लागलीं. या संकटांत स्पंज वापरणाऱ्यांस इतरांच्या मानानें झळ कमी लागली. त्यांचें भक्ष्य गवतांत नव्हतें, खोल तळाच्या वाळूंत होतें. आजींची विद्या नातींस कामास आली. परंतु ही गोष्ट ऐकून आम्हांस समाधान वाटलें त्याच क्षणीं धास्तीहि वाटली. थोड्याशा आया ही विद्या जाणतात. उद्यां संकट खोल पाण्यावर आलें आणि त्या आया पिलें वाढण्यापूर्वीं गेल्या, तर ती पुन्हा कोण शिकविणार? गोत्राची खूण उरलेल्या एखाद्या नातीच्या अंगांत तशीच राहील, पण चोंचीवर स्पंज कसा चढवावा हें ती खूण तिला सांगणार नाहीं.

जनावरांवरून माणसांचे सिद्धान्त काढूं नयेत, हें आम्ही जाणतों. तरीहि 'रक्तांतच आहे' हें वाक्य तोंडांत आलें कीं आतां आम्ही क्षणभर थांबतों. ज्या घराण्यांत विद्या पिढ्यान् पिढ्या टिकली, तेथें ती कोणी तरी रोज जवळ बसवून शिकविली म्हणून टिकली. आणि ज्यांस ती मिळाली नाहीं त्यांच्या रक्तांत उणीव होती असें नाहीं, ते त्या पाण्यांत वाढले नव्हते, इतकेंच.

निघण्याच्या दिवशीं पहांटे आम्ही पुन्हा पुळणीवर गेलों. वारा पडला होता आणि पाणी आरशासारखें होतें. ती मादी व तिचें पिलूं दूरवर, हिरवें पाणी संपून निळें सुरू होतें तेथें, दोनदां वर आलीं आणि निळ्याच्या बाजूस वळलीं. तिला स्पंजाची विद्या अवगत होती कीं नाहीं, हें विचारावयास जवळ कोणी नव्हतें. पिलूं मात्र तिच्या कुशीस लागूनच चाललें होतें.